सागरी जीवाश्म शोधायला एकोणीस जणांना घेऊन जायचंय. मुलांना काय दाखवू, आणि काय उचलू देऊ?

ओहोटी:
नमस्कार मंडळी. येत्या महिन्यात आम्ही एकोणीस जण ज्युरासिक काळातल्या चुनखडीच्या एका बंद पडलेल्या खाणीत सागरी जीवाश्म शोधायला निघालोय. त्यात सात मुलं आहेत, आठ ते चौदा वर्षांची. मालकाची परवानगी लेखी घेतली आहे. खाणीच्या एका अंगाला चुनखडी आणि शेल (चिखलाचा पापुद्र्यांनी फुटणारा खडक) यांचे थर एकाआड एक उघडे पडलेत आणि पायथ्याशी पावसाने सुटून आलेल्या तुकड्यांचा उतार आहे.

गेल्या वर्षी मी एका अभ्यासगटाबरोबर तिथे जाऊन आले होते. पहिले दोन तास मला नुसते दगड दिसत होते. मग बुटाची नाडी बांधायला वाकले तर बोटापाशीच अंगठ्याच्या नखाएवढा अमोनाइट, म्हणजे गोल वेढ्यांचं कवच असलेला, आता नष्ट झालेला समुद्री प्राणी! गट पुढे निघून गेला तरी मी त्याच्यावरच्या कड्या मोजत बसले होते. तेव्हापासून तो डोक्यातून जात नाहीये, म्हणून आता बाकीच्यांना घेऊन चाललेय.

प्रश्न दोन. एक, ज्यांनी आयुष्यात जीवाश्म पाहिलेला नाही त्यांची नजर एका दिवसात कशी बसवायची? दोन, प्रत्येकाला एकेक तुकडा घरी नेऊ द्यावा का? यावरून गटात आत्ताच दोन तट पडलेत.

खडकवेडा:
ओहोटीताई, नाडीचं अगदी पटलं. उभ्याने चालणाऱ्याला काही दिसत नाही. प्रत्येकाला दोन हात लांब, दोन हात रुंद असा चौकोन आखून द्या आणि सांगा, वीस मिनिटं यातून बाहेर पडायचं नाही. गुडघ्यावर बसूनच बघायचं.

वेळ सकाळची किंवा उन्हं कलल्यावरची ठेवा. तिरप्या उन्हात बारीकशी कडसुद्धा सावली टाकते, भर दुपारी तोच दगड सपाट दिसतो. आणि "जीवाश्म शोधा" असं मुलांना सांगू नका, त्यांच्या डोळ्यांसमोर डायनासोर येतो. "एकसारखं परत परत येणारं काहीतरी शोधा" असं सांगा. समांतर रेघा, पन्हळी, कड्या, मधोमध भोक असलेली चकती. दगड सहसा इतका नेम पाळत नाही.

कुतूहल:
त्यातला "सहसा" महत्त्वाचा. चुनखडीच्या फटीत नेच्याच्या पानासारखी काळी नक्षी दिसते, ती वनस्पती नसते. मँगनीजचं खनिज फटीतून झिरपून तशी फांद्याफांद्यांची नक्षी तयार होते. मी तसा एक तुकडा चार वर्षं "पान" म्हणून जपला होता. खरं कळल्यावरही तो माझ्या टेबलावरच आहे. फक्त चिठ्ठी बदलली.

गोगलगाय:
वाचतेय. आमचाही गट जमवायचा विचार आहे.

निवृत्त_मास्तर:
ज्युरासिक काळातल्या थरांत काय सापडेल याची मुलांना आधी ओळख करून द्या. कागदावर चित्रं काढून नेलीत तर उत्तम.

बेलेम्नाइट सर्वांत सोपा. बंदुकीच्या गोळीसारखा लांबट, टोकदार दगड. तो मोडला तर आत मध्यापासून बाहेरपर्यंत किरणांसारखे तंतू दिसतात. माखलीसारख्या प्राण्याच्या शरीरातला तो टणक भाग. मऊ शरीर गेलं, एवढंच उरलं.

चकतीला मधोमध भोक असेल तर ती क्रिनॉइडच्या देठाची. दिसायला फुलासारखा, पण हा प्राणी आहे, तारामाशाच्या नात्यातला. तो आजही खोल समुद्रात जगतो. इंग्लंडच्या उत्तरेला या चकत्यांना संत कथबर्टचे मणी म्हणत आणि लोक त्या ओवून माळा करत.

शिंपला सापडला की मुलांना एक खेळ द्या. शिंपल्याच्या मधोमध वरून खाली एक रेघ मनाने ओढायची. डावी-उजवी बाजू तंतोतंत सारखी असेल तर बहुधा तो ब्रॅकिओपॉड, म्हणजे आपल्या नेहमीच्या शिंपल्यांच्या नात्यातलाच नाही. त्या दोन बाजू असमान असून दोन झडपा मात्र एकमेकींचं प्रतिबिंब असतील तर तो साधा द्विपुट शिंपला. ग्रिफियासारखे काही कालव हा नियम मोडतात. त्यांची एक झडप खोल, वळलेली असते आणि दुसरी तिच्यावर झाकणासारखी बसते. असा अपवाद मुलांना स्वतःला सापडू द्या, आधी सांगून टाकू नका.

ट्रायलोबाइट, म्हणजे खंडाखंडांच्या कवचाचे किड्यासारखे समुद्री प्राणी, मात्र तिथे शोधू नका. ते सुमारे २५ कोटी वर्षांपूर्वी, पर्मियन काळाच्या शेवटी संपले. ज्युरासिक सुरू झाला तो त्यानंतर पाच कोटी वर्षांनी.

आडवाट:
मास्तर, अवांतर विचारतो. समुद्र कुठच्या कुठे आणि शिंपले डोंगरावर, हे लोकांनी आधी मानलं कसं?

निवृत्त_मास्तर:
फार काळ मानलंच नाही. माल्टासारख्या ठिकाणी खडकांत त्रिकोणी "जीभदगड" सापडत. कोणी म्हणे ते आभाळातून पडतात, कोणी म्हणे खडकातच वाढतात. १६६६ मध्ये इटलीच्या किनाऱ्यावर एक प्रचंड शार्क पकडला गेला आणि त्याचं डोकं फ्लॉरेन्सला निकोलस स्टेनो नावाच्या शरीरशास्त्रज्ञाकडे पोचलं. तोंड उघडून पाहतो तर तेच जीभदगड दातांच्या जागी. मग पुढचा प्रश्न त्याला पडला की एक घन वस्तू दुसऱ्या घन वस्तूच्या आत शिरली कशी? उत्तर एकच होतं, बाहेरचा खडक कधीतरी मऊ गाळ होता. खालचा थर आधीचा आणि वरचा नंतरचा, हा नियमही त्यानेच १६६९ मध्ये मांडला. तुमच्या मुलांना त्या खाणीच्या भिंतीसमोर उभं करून हे सांगा, ओहोटीताई. भिंत दिसत असताना ते जसं कळतं तसं वर्गात कळत नाही, हा माझा तीस वर्षांचा अनुभव आहे.

पाऊलखुणा:
एव्हरेस्टच्या अगदी माथ्यावरही चुनखडी आहे आणि तिच्यात क्रिनॉइड आणि ट्रायलोबाइटचे तुकडे आहेत. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून थोडा वेळ बसून राहिले होते. जुन्या समुद्राच्या तळाचा गाळ दोन भूखंडांच्या रेट्यात सापडून वर उचलला गेला.

कुतूहल:
शाळिग्रामही अशाच जुन्या समुद्रातले ना?

थर_मोजणारी:
हो. नेपाळमधल्या काळी गंडकीच्या खोऱ्यातल्या काळ्या शेलमध्ये गोळे असतात आणि गोळ्याच्या आत अमोनाइट. नदी ते गोळे धुऊन खाली आणते. शाळिग्रामावरचं "चक्र" म्हणजे अमोनाइटचा वेढा. स्पितीतल्या काळ्या शेलमध्येही असेच गोळे मिळतात, काळ तोच, ज्युरासिकच्या उत्तरार्धाच्या आसपासचा.

(मी जीवाश्मांच्या संग्रहाचं काम करते. ओहोटींच्या दुसऱ्या प्रश्नावर संध्याकाळी सविस्तर लिहीन. तोवर एकच विनंती, अजून कुणाला "हो" म्हणू नका.)

गोगलगाय:
बसाल्टमध्ये शोधून काही उपयोग आहे का?

खडकवेडा:
सागरी जीवाश्मांसाठी नाही. तो थंड झालेला लाव्हा आहे. पोकळ्यांत सुंदर स्फटिक मिळतील, शिंपले मिळायचे नाहीत. पण दख्खनच्या लाव्ह्याच्या खाली काय आहे ते पाहायचं तर मध्य प्रदेशात नर्मदेच्या खोऱ्यात बाघ थर आहेत. ज्युरासिकनंतरच्या क्रिटेशियस काळात समुद्राचा एक फाटा तिथपर्यंत आत आला होता. त्या चुनखडीत अमोनाइट, समुद्री साळी, शार्कचे दात मिळालेत. लाव्हा त्यानंतर येऊन वर पसरला.

थर_मोजणारी:
आता दुसरा प्रश्न. माझं मत कडक वाटेल, पण मनापासून सांगते.

जीवाश्माची अर्धी किंमत तो कुठल्या थरातून आला यात आहे. अमोनाइट इतक्या भराभर बदलत गेले की त्यांच्या जातींवरून थरांची वयं लावतात. कच्छमधल्या ज्युरासिक थरांचं वर्णन वागेन या जीवाश्मशास्त्रज्ञाने १८७० च्या दशकात केलं ते अमोनाइटच्याच आधारावर. त्यानंतर अर्ध्या शतकाने स्पाथ या दुसऱ्या जीवाश्मशास्त्रज्ञाने ते सगळं काम पुन्हा तपासलं. कशामुळे जमलं? कुठल्या थरातून काय आलं याची नोंद होती म्हणून. थरातून सुटून कपाटात गेलेला अमोनाइट सुंदर असतो, पण त्याला कोणी काही विचारू शकत नाही.

उलट्या बाजूचं उदाहरणही आहे. १९८९ मध्ये जॉन टॅलेंट या ऑस्ट्रेलियन जीवाश्मशास्त्रज्ञाने दाखवून दिलं की हिमालयातले म्हणून वर्षानुवर्षं छापून आलेले काही जीवाश्म प्रत्यक्षात दुसऱ्याच खंडांतल्या प्रसिद्ध ठिकाणांचे होते. चुकीच्या ठिकाणांमुळे हिमालयाच्या अभ्यासात किती गुंता झाला याची कल्पना करा. दगड खरे होते, पत्ता खोटा होता.

एकोणीस जणांनी एकेक उचलला, पुढच्या गटातल्या तिसांनी एकेक उचलला, की पाच वर्षांनी येणाऱ्या मुलाला नाडी बांधताना काही दिसणार नाही. म्हणून माझं उत्तर: फोटो घ्या, मोजा, चित्र काढा आणि जागच्या जागी ठेवा.

आडवाट:
थरताई, तुमच्याबद्दल आदर ठेवूनच असहमत आहे.

उतारावर सुटून पडलेला तुकडा आधीच थरातून निघालेला असतो. पुढच्या दोन पावसाळ्यांत त्याची माती होणार. जीवाश्म शोधणाऱ्या मेरी अॅनिंगचं पाहा. इंग्लंडमधल्या लाइम रेजिसच्या किनाऱ्यावर कडे कोसळत, जीवाश्म बाहेर पडत आणि भरतीबरोबर समुद्रात जात. तिच्या भावाला १८११ मध्ये इक्थिओसॉरची (माशासारख्या आकाराच्या समुद्री सरपटणाऱ्या प्राण्याची) कवटी दिसली आणि पुढच्या वर्षी बारा-तेरा वर्षांच्या मेरीने बाकीचा सांगाडा शोधून काढला. १८२३ मध्ये तिला प्लेसिओसॉर हा लांब मानेचा समुद्री सरपटणारा प्राणी मिळाला. ना पदवी, ना पद. बाई म्हणून भूवैज्ञानिकांच्या सभेत प्रवेशही नव्हता. "जागच्या जागी ठेव" असं तिला कुणी सांगितलं असतं तर ते सगळं आज समुद्रात असतं.

आणि हातात घेतलेला दगड लहान मुलाच्या बाबतीत जे करतो ते फोटो करत नाही. मी आठ वर्षांचा असताना कुणीतरी मला एक मोडका बेलेम्नाइट दिला होता. मी आज या धाग्यावर आहे तो त्याच्यामुळे.

शंखिनी:
आडवाट यांना अनुमोदन. पण मेरी अॅनिंगने काय कुठे मिळालं हे नीट टिपलंही होतं, निरीक्षणं केली होती. बेलेम्नाइटमध्ये शाईची पिशवी असते हे तिने ओळखलं, आणि तिची मैत्रीण एलिझाबेथ फिलपॉट हिने ती कोट्यवधी वर्षांपूर्वीची सुकलेली शाई पाण्यात कालवून चित्र काढलं! ही गोष्ट मुलांना सांगाच.

दगडधोंडे:
दुसऱ्या बाजूने माझा अनुभव लिहितो. कॉलेजात असताना मला एका उतारावर तळहाताएवढा अमोनाइट मिळाला. सोनेरी, पायराइटचा (लोह आणि गंधकाचं चमकदार खनिज). आनंदात खिशात टाकला. ना जागा लिहिली, ना थर. काही वर्षांनी एका संग्रहालयातल्या बाईंना दाखवायला नेला. त्यांनी भिंगातून खूप वेळ पाहिला आणि विचारलं, "हा कुठल्या थरातला?" मला फक्त डोंगर आठवत होता. त्यांनी तो हळूच परत दिला.

पुढे तो दमट कपाटात राहिला. पायराइट हवेतल्या ओलाव्याने कुजतो हे मला माहीत नव्हतं. एकदा डबा उघडला तर करड्या-पांढऱ्या भुकटीत तीन तुकडे आणि आंबट वास. तो तिथेच राहिला असता तरी कदाचित कुजलाच असता. पण मी लिहून ठेवलं असतं तर निदान तो कोण होता हे उरलं असतं. ओहोटीताई, मुलांना न्यायला परवानगी द्या किंवा देऊ नका, पण हातात वही जरूर द्या.

थर_मोजणारी:
दगडधोंडे, हे वाचून वाईट वाटलं. लिहिलंत म्हणून आभार.

आडवाट, सुटलेल्या तुकड्यांबद्दल तुमचं म्हणणं मला मान्य करावं लागेल. ठिकठिकाणी रीत वेगळी आहे हेही खरं. कॅनडातल्या बर्जेस शेलमध्ये वाटाड्याशिवाय जाताच येत नाही आणि एक तुकडाही उचलता येत नाही. तो खजिना पन्नास कोटी वर्षांचा आहे, मऊ शरीरांचे ठसे असलेला, आणि तसंच हवं. उलट अमेरिकेत ओहायोतल्या सीझर क्रीक इथे परवाना घेऊन तळहातात मावेल एवढा जीवाश्म नेऊ देतात. हातोडी-छिन्नी चालत नाही आणि विकायचा नाही. भारतात छत्तीसगडमधल्या मनेंद्रगडचं सागरी जीवाश्म उद्यान संरक्षित आहे, तिथे फक्त बघायचं.

तुमच्या खाणीसाठी मी अशी तडजोड सुचवेन. भिंतीला हात लावायचा नाही. उतारावरचा, एकसारखे अनेक पडलेत त्यातला, मुठीत मावणारा तुकडा चालेल. हाड, दात, मणका असं काही वाटलं तर अजिबात हलवायचं नाही. फोटो, जागेची खूण आणि जवळच्या विद्यापीठाच्या भूशास्त्र विभागाला कळवणं. कच्छमध्ये अमोनाइटसाठी प्रसिद्ध असलेल्या थरांत इक्थिओसॉरचा जवळजवळ पूर्ण सांगाडा मिळाला, त्याचा शोधनिबंध २०१७ मध्ये आला. तेव्हा असं काही सापडणारच नाही असं धरून चालू नका.

आडवाट:
मान्य. मनापासून.

खडकवेडा:
सुरक्षेचं राहिलं. हातोडी चालवणाऱ्याच्या डोळ्यांवर गॉगल हवाच आणि बाकीचे चार पावलं लांब. कपचा उडतो तो सरळ डोळ्याकडे. साधी सुताराची हातोडी नको, तिच्या पोलादाचाच तुकडा उडू शकतो. आणि भिंतीच्या थेट खाली कोणीही बसायचं नाही, सावली असली तरी. मेरी अॅनिंगचा ट्रे नावाचा कुत्रा १८३३ मध्ये दरड कोसळून तिच्या डोळ्यांदेखत गेला. ती थोडक्यात वाचली.

शेल फोडायचा तर थराच्या रेषेत, कडेने. दोन फाका झाल्या तर दोन्ही जपा. एकीवर उठाव असतो, दुसरीवर ठसा, आणि कधी कधी ठशातच जास्त तपशील असतो.

पाऊलखुणा:
प्रवाळ मिळाले तर त्यांच्यावरच्या बारीक वाढीच्या रेषा बघा. १९६३ मध्ये जॉन वेल्स या जीवाश्मशास्त्रज्ञाने ज्युरासिकच्या खूप आधीच्या डेव्होनियन काळातल्या प्रवाळांवर वर्षाला सुमारे ४०० रेषा मोजल्या. रोजची एक रेष धरली तर तेव्हा वर्ष ४०० दिवसांचं होतं, म्हणजे दिवस साधारण २२ तासांचा. भरती-ओहोटीच्या घर्षणाने पृथ्वीचं फिरणं मंदावत आलंय.

कुतूहल:
ओहोटीताईंचं टोपणनाव पृथ्वीला ब्रेक लावतं म्हणायचं!

ओहोटी:
कुतूहल, हे मुलांना सांगणार आहे. :)

सगळ्यांना खूप धन्यवाद. थरताईंचा नियम आमच्या गटाने एकमताने मान्य केला. वह्या बांधल्यात. प्रत्येक पानावर तीन रकाने आहेत: कुठे, कुठला थर, शेजारी काय होतं. परत आल्यावर लिहिते.

गोगलगाय:
धागा वर काढतेय. ओहोटीताई, जाऊन आलात का?

ओहोटी:
आलो! कालच.

चौकोनांची युक्ती फार चालली. पहिली दहा मिनिटं कुरकुर, मग एकदम शांतता, आणि मग "इकडे या, इकडे या" सुरू झालं. दिवसाअखेर वह्यांत चाळीसच्या वर नोंदी. बेलेम्नाइट सर्वांत जास्त, मग ग्रिफिया. क्रिनॉइडच्या सहा चकत्या. अमोनाइट नऊ, त्यातला एकच पूर्ण. दोन मोठ्यांना दिवसभरात काहीच मिळालं नाही, पण त्यातल्या एकांनी जेवणाच्या सुट्टीनंतरही भिंग सोडलं नाही. घरी बारा तुकडे आले. बाकी सगळं जिथल्या तिथे.

एक गोष्ट विचारायची आहे. दहा वर्षांच्या एका मुलीला उतारावर मोठा अमोनाइट दिसला, अर्धा दगडात रुतलेला. त्याच्या वरच्या बाजूवर दोन छोटे कालव चिकटलेत, त्याच्याच कड्यांचा आकार घेऊन वाढलेले. तिने मला विचारलं, "कालव बसले तेव्हा हा जिवंत होता का?" मला उत्तर देता आलं नाही.

थर_मोजणारी:
किती छान प्रश्न! आणि याचं उत्तर त्या दगडातच असू शकतं. कालव फक्त एका बाजूला असतील तर बहुधा अमोनाइट मरून तळाशी आडवा पडला होता आणि वर राहिलेल्या बाजूवर कालव वाढले. दोन्ही बाजूंना असतील तर तो पाण्यात उभा, तरंगता असताना ते बसले असण्याची शक्यता जास्त. तिला सांगा, दुसरी बाजू बघायला हवी. खालचा दगड फोडलात का?

ओहोटी:
नाही. तिनेच फोडू दिला नाही. हातोडीने मोडेल म्हणाली. फोटो काढले, मोजमाप घेतलं आणि तो तिथेच आहे. तिच्या वहीतलं पान जसंच्या तसं उतरवते:

"कुठे: उताराच्या मधोमध, वाकड्या झुडपाच्या डावीकडे सात पावलं. थर: सुटलेला आहे, पण दगडाचा रंग भिंतीतल्या खालून चौथ्या पिवळ्या थरासारखा. शेजारी: चार बेलेम्नाइट, सगळ्यांची टोकं एकाच दिशेला. वर दोन कालव. खाली काय आहे ते माहीत नाही."

थर_मोजणारी:
बेलेम्नाइटची टोकं एकाच दिशेला!! हे तिला कुणी सांगितलं होतं का बघायला?

ओहोटी:
नाही. तिचं तिनेच.

थर_मोजणारी:
ती दिशा त्या वेळच्या तळावरच्या प्रवाहाची असू शकते. मालकांना विचारून ठेवा, पावसाळ्याआधी मी येते. सोबत हवेच्या दाबावर चालणारी बारीक लेखणी आणते, तिने दगड कण कण करून काढता येतो. त्या दिवशी तिला शाळेला सुट्टी असेल असं पाहा. दुसरी बाजू उघडताना ती तिथे हवी.